खाडीचा चिखल पांढरकवड्याला

लग्नानंतर मी पहिल्यांदा सासरी गेले, तेव्हा परत येताना आमच्या मास्तरांनी बरोबर काय घेतलं असेल? नारळ नाही, आमसुलं नाही, सुकी मासळीसुद्धा नाही. चिखल घेतला. दोन हात लांब बांबूच्या नळीत भरलेला आणि दोन्ही तोंडांना मेणकापड बांधलेला, खाडीचा काळा चिखल. आगगाडीत ती नळी त्यांनी माझ्या उशाशी ठेवली. का, तर मी झोपेत कमी हलते.

मास्तर म्हणजे माझे यजमान. ते पांढरकवड्याच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं, म्हणून माझ्याही मनात ते मास्तरच. तोंडावर अर्थात 'अहो'. ते समुद्रकाठचे आणि मी इथलीच, केळापूर तालुक्यातली. आमच्या गावाजवळून जी नदी वाहते तिचं नाव खुनी. नोकरी लागल्यावर पहिल्याच पत्रात मास्तरांनी हे नाव घरी कळवलं. सासूबाईंना वाचता येत नव्हतं. शेजारच्या वाण्यानं पत्र वाचून दाखवलं, आणि आपला मुलगा खुनी नदीच्या काठी राहतो हे ऐकून त्यांनी दोन दिवस तोंडात घास घेतला नाही. मग उत्तर आलं, 'तिकडची नोकरी सोड आणि ये.'

मास्तर गेले नाहीत. माझ्या नशिबात होते ना.

माझे बाबा जिनात कामाला होते. कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधतात ना, तो कारखाना. त्यांच्या मिशीत कायम रुईचा एखादा पुंजका अडकलेला असायचा. छप्पन साली ते नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले तेव्हा मी सातवीत होते. आल्या आल्या त्यांनी आईला सांगितलं, "पोरीले मॅट्रिक करतो. कोणी काही म्हणू दे." आणि केलंही. पुढं मास्तर गावात आले. तेही दीक्षा घेतलेल्या घरातले, दारू न पिणारे आणि सभेत न अडखळता बोलणारे. बाबांना एवढ्यात जावई सापडला. पांढरं लुगडं नेसून माझं लग्न झालं. सासूबाईंचे गुडघे धरलेले, एवढा लांबचा प्रवास त्यांना झेपणारा नव्हता, म्हणून त्या लग्नाला आल्या नव्हत्या. उन्हाळ्याची सुट्टी लागली तशी आम्हीच निघालो.

समुद्र पहिल्यांदा पाहून मी काय म्हणाले, ते मास्तरांनी पुढं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. मी म्हणाले, "एवढं पाणी, अन् सगळं खारं? मंग कायले ठेवलं?"

सासूबाई ठेंगण्या, काटक, आणि बोटांवर शिंपल्यांनी कापल्याच्या शेकडो रेषा. ओहोटी लागली की त्या खाडीत उतरायच्या. दगडांना चिकटलेली कालवं फोडायच्या, चिखलातून शिवल्या, म्हणजे लहान गुळगुळीत शिंपल्या, वेचायच्या आणि बाजारात नेऊन विकायच्या. कालव म्हणजे खडबडीत शिंपलं, आत मऊ गर. ह्याच कामावर त्यांनी एकटीनं मुलगा शिकवला होता. तिसऱ्या दिवशी मलाही त्यांनी बरोबर नेलं. काठावर मी लुगडं वर खोचून नुसती उभी राहिले.

"पाय टाक गो. घाबरतेस काय? आत वाघ हाय काय?"

वाघ आमच्याकडं जंगलात होते, त्यांची मला एवढी भीती नव्हती. मी पाय टाकला तो गुडघ्यापर्यंत आत गेला, आणि काढला तेव्हा सडक्या अंड्यांचा असा भपकारा आला की मी पदर नाकाला लावला. खरी गंमत घरी आल्यावर. पाय धुतले तर बाबांनी लग्नात घातलेली चांदीची जोडवी काळी ठिक्कर. लुगड्याच्या काठाला जांभळट डाग. मी राखेनं घासघासून दमले. सासूबाई बाजूला बसून बघत होत्या.

"चांदी निघंल," त्या म्हणाल्या. "लुगडं नाय निघायचं. तो कारखान्याचा रंग हाय, पक्का असतो. त्याबद्दल त्यांना नावं ठेवायला जागा नाय."

खाडीच्या वरच्या अंगाला कापड रंगवायचा एक कारखाना झाला होता. त्याचा नळ थेट खाडीत सुटलेला. एक दिवस पाणी तांबडं, दोन दिवसांनी निळं. मुंबईत यंदा बायका कसली लुगडी नेसतात, हे मला हितं उभ्या उभ्या कळतं, असं सासूबाई म्हणायच्या. पण असं चेष्टेनं बोलता बोलता त्यांनी मला एक कालव फोडून दाखवलं, तेव्हा त्यांचा आवाज बदलला. आतला गर पांढुरका हवा, तो हिरवट होता.

"चाखून बघ. गिळू नको."

मी जीभ लावली. तांब्याचं भांडं चाटावं तशी चव.

"पयले निवटे गेले," त्या म्हणाल्या. निवटे म्हणजे चिखलावर टुणटुण उड्या मारणारे मासे. "मग कुर्ल्या गेल्या." कुर्ल्या म्हणजे खेकडे. " त्यांना पाय हायत, गेल्या. कालवं कुठं जातील? ती चिकटलेली. दोन बायांनी परत आणून दिली, पोरं ओकली म्हनून. तवापासून मी विकत नाय. लोकांच्या पोरांना विष विकू काय?"

मास्तर मागं उभे राहून ऐकत होते. त्यांना हे कुणी पत्रात कळवलं नव्हतं. वाण्याला पत्र लिहायला सांगायचं म्हणजे गावभर होणार, म्हणून सासूबाईंनी वर्षभर 'आम्ही सुखरूप आहोत' एवढंच लिहवून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बांबू कापला, आतल्या गाठी गजानं फोडून नळी केली आणि ओहोटीला ती चिखलात खोल दाबून, तळहातानं वरचं तोंड गच्च धरून, उपसून काढली. वरचा गाळ वर, खालचा खाली, जसाच्या तसा. काठावरची माणसं हसत होती. मास्तरांचा सदरा कोपरापर्यंत काळा झाला होता आणि चेहरा असा की हसायची माझी काही हिंमत झाली नाही.

आगगाडीत वास फारसा आला नाही. धामणगावला उतरून आम्ही यवतमाळवरून पांढरकवड्याला जाणाऱ्या एस.टी.त बसलो, आणि मे महिन्याच्या उन्हानं नळीला घाम फुटला. आधी पुढच्या बाकावरच्या म्हातारीनं मागं वळून माझ्याकडं संशयानं पाहिलं. मग तिच्या शेजारणीनं. मी खिडकीबाहेर बघत बसले. शेवटी कंडक्टर हुंगत हुंगत आमच्यापर्यंत आला.

"मास्तर, काय हाये ह्याच्यात?"

"नमुना आहे."

"कायचा?"

"चिखलाचा. खाडीच्या."

कंडक्टरनं टोपी मागं सारली. सगळी गाडी कान देऊन होती. "आपल्या यवतमाळात माती कमी पडली काय बाप्पा, म्हणून तिकून आणून राह्यले?"

गाडी अशी हसली की ड्रायव्हरनंही मान वळवली. नळी टपावर बांधायची असं कंडक्टरनं ठरवलं. मास्तर म्हणाले, टपावर ऊन लागेल, थर बिघडतील. दोघांची बराच वेळ बोलणी होऊन नळी मागच्या दाराशी उभी करायची ठरलं, आणि ती पडू नये म्हणून शेजारी मास्तरही उभे राहिले. पांढरकवड्यापर्यंत. मी मात्र बसून आले. माझ्या शेजारची जागा कुणी घेतली नाही, हा त्यातला फायदा.

बाबा आम्हाला बघायला आले तेव्हा अंगणात फळीवर बांबू उभा चिरून ठेवलेला होता. मास्तरांनी त्यांना थर दाखवले. अगदी खाली तपकिरी माती, तिच्यात शिंपल्यांचे चुरे. त्यावर राखाडी. आणि वरचा वीतभर काळाकुट्ट, मध्ये मध्ये निळ्या-तांबड्या रेघा. बाबांना समजावून सांगावं लागलं नाही.

"गाठीसारखंच हाये म्हणा," ते उकिडवे बसून म्हणाले. "गाठ कापली का समजते, कोणत्या हप्त्याचा माल खाली अन् कोणता वरतं. हे काळं नवं दिसते."

"कारखाना झाल्यानंतरचं."

"कापडाचा कारखाना?"

"हो मामा."

बाबा मिशीवरून हात फिरवत राहिले. "आमच्या गाठी मुंबईलेच जातात," ते म्हणाले. "म्हणजे जवाईबापू, कापूस आम्ही पाठोला, त्यायनं रंगोला, अन् रंगाचं पाणी इहीनबाईच्या दारात सोडलं. हे तं बरं झालं! मले वाटे, लग्नात आम्ही इहीनबाईले काहीच देलं नाही."

मास्तर हसले. बाबा हसले नाहीत. जाताना म्हणाले, "तपासा बाप्पा नीट. काय लागन ते सांगा."

शाळेला सुट्टी होती. प्रयोगशाळा म्हणजे दोन कपाटं, एक मोडकं टेबल आणि एक स्पिरिटचा दिवा. किल्ली हेडमास्तरांकडं. ते एकदा दारापर्यंत आले, आत हुंगलं आणि म्हणाले, "मास्तर, वर्षभर पोरांचा वास घेतो आपण. सुट्टीत तरी दया करा." पण किल्ली परत मागितली नाही.

मी मदतीला जायची. घरात तसंही दोन माणसांचं काम ते किती. मास्तरांनी चिखलावर तेजाब टाकलं, परीक्षानळीच्या तोंडाशी शिशाच्या क्षारात भिजवलेला कागद धरला, आणि कागद बघता बघता काळा झाला. माझी जोडवी काळी झाली तो हाच वायू. मास्तर नाचायचेच बाकी राहिले. लगेच अर्जाचा मसुदा तोंडी म्हणायला लागले, 'सदर गाळात विषारी द्रव्य असल्याचे प्रयोगान्ती सिद्ध झाले असून...'

"अहो," मी म्हणाले, "आपल्या घरामागच्या नाल्याच्या चिखलाले लावून पाहा ना हाच कागद."

"कशाला?"

"तिथं तं कारखाना नाही. कागद पांढरा राह्यला म्हणजे तुमचं खरं."

मीच जाऊन डबाभर चिखल आणला. कागद काळा झाला. तेवढाच काळा.

त्या दिवशी मास्तर जेवले नाहीत. भाकरी थापून ठेवली, पिठलं निवलं, हे आपले भिंतीकडं तोंड करून. मलाच अपराध्यासारखं झालं. नवी नवरी म्हणून आल्यावर पहिल्या दोन महिन्यांत मी नवऱ्याचं शास्त्र खोटं पाडलं होतं. संध्याकाळी उठून त्यांनी स्वतःशीच कबूल केलं की पाला-शेण कुजलं, वारं लागलं नाही, की कुठलाही चिखल हा वायू सोडतो. "बरं झालं तू विचारलंस," म्हणाले. पण ते अशा स्वरात की बरं झाल्यासारखं काही वाटत नव्हतं. मग मी त्यांना हिरव्या कालवाची आठवण करून दिली. तांब्याची चव. आपल्या नाल्यात तांबं कुठून येणार?

पुढचे आठ दिवस आम्ही दोघांनी चिखल शिजवला. दुसरं नाव नाही त्याला. थोडा थोडा गाळ तेजाबात उकळायचा, गाळायचा, आटवायचा, पुन्हा पाण्यात घ्यायचा. तीन वाट्या ठेवल्या होत्या. एक खाडीच्या वरच्या काळ्या थराची, एक तळच्या तपकिरी मातीची, एक आमच्या नाल्याची. कुठली कुठली हे मीच लिहून चिकटवलं, कारण मास्तर घाईत अदलाबदल करतील असा मला रास्त संशय होता. बाबांनी जिनातून कोरे लोखंडी खिळे आणून दिले. घासून लख्ख केलेला एकेक खिळा प्रत्येक वाटीत सोडला आणि वर झाकण ठेवलं. दुसऱ्या दिवशी बाबाही बघायला आले. नाल्यातला खिळा काळपट, तळच्या मातीतला काळपट. काळ्या थराच्या वाटीतला खिळा मास्तरांनी चिमट्यानं वर काढला तर तो टोकापासून डोक्यापर्यंत तांबूस, नव्या घंगाळासारखा.

"तांबं चढलं," बाबा म्हणाले. ह्यावेळी मास्तर नाचले नाहीत. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "अजून काही शंका?"

मला नव्हती. मग सरकारला अर्ज झाला. सासूबाईंच्या नावानं, मास्तरांच्या भाषेत. त्यात 'उपरोक्त' हा शब्द सात वेळा आला होता. मी मोजले. तांबं चढलेला खिळा कापसात गुंडाळून अर्जासोबत पाठवला.

तीन-चार महिन्यांनी एक सरकारी साहेब खाडीवर चौकशीला आले. ही हकिकत आम्हाला वाण्याच्या अक्षरात कळली. साहेब काठावर उभे राहून म्हणाले, पाणी तर स्वच्छ दिसतंय. त्या दिवशी कारखाना बंद होता. सासूबाईंनी त्यांना हातपाय धुवायला पाणी दिलं, बसायला घोंगडी टाकली, आणि उकडलेली कालवं ताटलीत घालून पुढं ठेवली. हिरवी. साहेब म्हणाले, आज माझा उपास आहे. सासूबाई म्हणाल्या, उद्या या. उद्याही उपास निघाला. 'आसा धार्मिक साहेब मी बघितला नाय,' असं वाण्यानं जसंच्या तसं उतरवलं होतं.

कारखान्यानं मग नळ लांबवला. आमच्या सासूबाईंच्या वाडीवरून पुढं नेऊन खालच्या वाडीपाशी सोडला. कागदोपत्री तक्रार मिटली.

सासूबाई त्या साली आमच्याकडं आल्या. मास्तर जाऊन घेऊन आले. खाडीत काम उरलं नव्हतं आणि माझे दिवसही भरत आले होते. येताना त्यांनी कालवं फोडायची लोखंडी पट्टी कमरेला खोचून आणली होती. मुलगी झाली, बारसं झालं, गुडघ्यांना आमची कोरडी हवा मानवली, आणि महिनाभरात सासूबाईंना चैन पडेना.

"ती तुमची खुनी कुठं हाय गो? बघू तरी किती खून केलेत तिनं."

बाबांनी त्यांना नदीवर नेलं, मी पोरीला छातीशी धरून मागून गेले. हिवाळ्याचे दिवस, पाणी घोट्याएवढं. सासूबाईंनी काठाची लव्हाळी पाहिली, चप्पल काढली, चिखलात पाय घालून डोळे मिटले. बाबा माझ्याकडं बघून खुणेनंच विचारतात, काय करून राह्यल्या?

"जिता हाय," सासूबाई म्हणाल्या. "चांगला हाय चिखल तुमचा."

"आमच्या चिखलाची तारीफ पह्यल्यांदाच ऐकली," बाबा म्हणाले. "पैठणी देवाव काय तुमाले?"

सासूबाईंनी तोपर्यंत दगडाखाली हात घालून एक खेकडा पकडलाही होता. बाबा दोन पावलं मागं सरले. गाळातलं काही खायचं नाही, असा त्यांचा नेम होता, मासळीसुद्धा ते नाक मुरडून खायचे. त्या संध्याकाळी सासूबाईंनी खेकड्याचा रस्सा केला. बाबांनी आधी नुसता रस्सा घेतला. मग म्हणाले, एक नांगी द्या, पोरगी नाराज होईन. पोरगी दोन महिन्यांची होती.

पुढं दोघं रोज भांडत. त्या 'चिंबोरी' म्हणायच्या, हे 'खेकड'. त्या भाताचं कौतुक सांगायच्या, हे ज्वारीचं. आठ-पंधरा दिवसांनी नदीवर जाणं मात्र ठरलेलं. एकदा पाऊस कमी म्हणून वरच्या डोहात काही मिळेना, तेव्हा त्या गावाच्या पलीकडचा नाला जिथं नदीला मिळतो तिथवर खाली गेल्या. पाय घातला आणि लगेच काढून घेतला.

"हितं नको."

"काहून?"

"हितं मेलाय. वर कोन राहतं?"

वर रंगारी राहायचा. साधा माणूस, बायको आणि तो, दोन घंगाळं, तीन रांजण. गावच्या बायांची जुनी लुगडी तो पुन्हा रंगवून द्यायचा. माझंही डाग पडलेलं पांढरं लुगडं त्यानंच पुढं मोरपंखी करून दिलं होतं. सासूबाई तशाच ओल्या पायांनी त्याच्या अंगणात. मी मागं, बाबा मागं.

"बाबा रे, तुझं पाणी कुठं जातं?"

"नाल्यात जाते माय. अखीन कुठी जाईन?"

"नाला कुठं जातो?"

"नदीत."

"मग नदीतली चिंबोरी कुठं जाईल?"

रंगारी गोंधळून बाबांकडं बघायला लागला. "माह्या दोन घंगाळानं नदी मरते काय माय?"

"आमच्या तिकडचा साहेब बी हेच बोलला," सासूबाई म्हणाल्या. "म्हनाला, एवढ्याशा पाण्यानं समुद्राला काय होतंय. तू साहेब हायस काय?"

तो साहेब नव्हता. रोज एक म्हातारी आपल्या दारात येऊन थांबते, नाल्याकडं बघते, काही बोलत नाही, नुसती मान हलवते, हे त्याला पंधरा दिवसांच्या वर सोसलं नाही. त्यानं अंगणात कमरेएवढा खड्डा खणला आणि रंगाचं पाणी त्यात सोडायला लागला. खड्ड्यातून ते जमिनीखाली कुठं गेलं, कुणाच्या विहिरीकडं गेलं, हे तेव्हा कुणाला सुचलं नाही. मास्तरांनासुद्धा नाही. आता मला ते आठवलं की जरा कसंसं होतं. पण नाल्याच्या तोंडाशी पुढच्या पावसाळ्यानंतर लव्हाळी उगवली, हेही खरं.

सासूबाई आमच्याकडं दोन वर्षांच्या आसपास राहिल्या. 'मले' आणि 'तुले' बोलायला लागल्या, तेही चुकीच्या ठिकाणी. मग त्यांच्या बहिणीचं पत्र आलं. ही बहीण खालच्या वाडीची, जिथं नळ लांबवून नेला होता तिथली. तिची कालवं हिरवी झाली होती. मास्तर म्हणाले, मी पुन्हा अर्ज लिहितो. सासूबाई पत्र हातात घेऊन बसल्या होत्या, वाचता येत नसताना.

"अर्ज लिही," त्या म्हणाल्या. "पन तो जाऊन त्यांच्या टेबलावर निजेल. उठवायला मानूस हवं."

"तुझे गुडघे?"

"गुडघ्यांना कोन विचारतंय? साहेबाला काठावरच बोलवायचं. आपन बसून बोलायचं."

पोरगी आता घरभर धावायला लागली होती. तिला सोडून जाताना त्या रडतील असं मला वाटलं. त्यांनी तिच्या दोन्ही तळपायांना हात लावून बघितला, आणि लोखंडी पट्टी कमरेला खोचली. बाबांनी त्यांचं गाठोडं स्टँडवर नेलं. गाडी सुटेपर्यंत दोघं ज्वारीवरून भांडत होते. घरी परतताना बाबा दर वळणावर मागं वळून बघत होते. शेवटी म्हणाले, "आता भांडाव कोणासंग?"

सासूबाई बहिणीकडं राहिल्या, दोन्ही वाड्यांतल्या बाया जमवून कारखान्याच्या फाटकाशी बसल्या, आणि पुढं एक-दोन वर्षांनी कारखान्यानं गाळ बसवायला टाक्या बांधल्या. त्या बायांमुळं बांधल्या, की वरून काही नियम आला म्हणून, हे मास्तरांनी शोधायचा प्रयत्न केला. पत्ता लागला नाही. सासूबाईंच्या मनात ह्याबद्दल काडीची शंका नव्हती. पत्रात त्यांनी वाण्याकडून लिहवून घेतलं होतं की टाकीतून पाणी आता फिकट येतं, खालच्या वाडीला चिखलावर परवा दोन निवटे दिसले, कालवांचं अजून काही खरं नाही, आणि इवाईबुवांना सांगा की ज्वारी मी इथंही करून बघितली, कुणी खाल्ली नाही.

बाबांना पत्र वाचून दाखवलं. त्यांनी ते माझ्याकडून घेतलं, घडी घातली आणि म्हणाले, "त्यायले करताच आली नसन."